झाडीपट्टीत पोचलेली साखर

मी प्रवासाला निघाले की माझ्या पिशवीत साड्यांपेक्षा सुया जास्त असायच्या. लोक गड बघतात, देवळं बघतात, समुद्रावर जाऊन भेळ खातात. मी नोकरीभर माणसांच्या बोटांना टोचत हिंडले. पुण्यातल्या एका संस्थेत मी रक्त तपासायचं काम करायची. देशात मधुमेह कुठे किती आहे आणि वाढतो आहे का, हे बघायला संस्था आम्हाला गावोगाव पाठवायची. त्या निमित्ताने चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलात, तिकडचे लोक ज्याला झाडीपट्टी म्हणतात, मी दोनदा गेले. एकदा नव्वदीच्या सुरुवातीला, आणि पुन्हा दोन हजार साल उलटून पाचेक वर्षं झाल्यावर. आता निवृत्त होऊन घरी बसले आहे, बाकीची गावं आठवणीत एकमेकांत मिसळून गेलीत, ही मात्र अजून वेगळी राहिली आहेत. ज्यांनी तो मुलूख पाहिला नाही त्यांच्यासाठी हे लिहायला घेतलं.

चिमूर

दोन्ही वेळा आमची जीप नागपूरहून निघून पहिली थांबली ती चिमूरला, एका कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर. आमच्या घरी यजमानांना मधुमेह, त्यामुळे त्यांच्याबरोबर मलाही बिनसाखरेच्या चहाची सवय लागलेली. पहिल्या वेळी मी तसा चहा मागितला तेव्हा टपरीवाल्याने हातातलं भांडं खाली ठेवून माझ्याकडे नीट पाहिलं.

"काऊन बाई, उपास आहे का?"

"नाही हो, सवय आहे."

"साखर आहे जी आपल्यापाशी. लाजू नका."

शेवटी त्याने न विचारता साखर टाकलीच, आणि मी तो पाकासारखा चहा मुकाट्याने प्याले. आमच्याबरोबरचे डॉक्टर मूळचे नागपूरचे. ते हसून म्हणाले, "इकडे पाहुण्याला फिका चहा देणं म्हणजे त्याला दारातून परत पाठवणं."

दुसऱ्या वेळी टपरी तीच होती, टपरीवाला तोच, केस पांढरे झालेले. मी बाकावर बसते न बसते तोच त्याने विचारलं, "गोड का फिक्का?" आजूबाजूला पाहिलं तर निम्म्या पेल्यांमध्ये फिकाच चहा. हे कधीपासून, म्हणून विचारलं, तर तो म्हणाला, "मी बी फिक्काच घेतो आतां. मले निंगाली नं शुगर. मास्तरले निंगाली, कंडक्टरले निंगाली. तुमी कुठी चालले?"

शुगर शोधायला चाललोय, असं त्याला सांगायची मला लाज वाटली. जंगल बघायला, असं काहीतरी सांगून मी पेला उचलला. मनासारखा फिका चहा मिळाला, पण तो काही गोड लागला नाही.

तलावाचं गाव

चिमूरहून पुढे धानाचा मुलूख लागतो. दिवाळी नुकतीच होऊन गेलेली, कापणी चाललेली, बांध्यांमधून, म्हणजे धानाच्या शेतांमधून, पेंढ्यांचे पुंजणे रचलेले. ओल्या तणसाचा वास जीपमध्ये भरून राहतो. मध्येच सागाचं रान, मध्येच पळस, आणि दर थोड्या अंतराने एखादा तलाव. जुन्या मालगुजारांनी बांधलेले हे तलाव. 'माजी मालगुजारी' या सरकारी नावाचं लोकांनी सुटसुटीत 'मामा तलाव' करून टाकलं आहे. अशाच एका तलावाच्या गावी आमचा मुक्काम असे. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथल्या माणसांना विचारलेलं नाही.

पहिल्या वेळचं जाणं मला फार आठवतं. आम्ही शाळेत उतरलो होतो, आणि जेवण द्यायचं काम पुनाबाईने आपण होऊन घेतलं होतं. पुनाबाई आणि तिचा नवरा दसरू हे ढिवर, म्हणजे तलावावर मासे धरणारे, जोडीला थोडा शिंगाडा लावणारे आणि मजुरीला जाणारे. सकाळी ती आम्हाला तांदळाची पेज देई, मातीच्या भांड्यात थंड केलेली, त्यावर मीठ आणि बाजूला वाळक्या झिंग्यांची चटणी. मी एकारांत पुणेकर. घरी मासा कधी शिजला नाही. दुसऱ्या दिवशी मी ती चटणी दोनदा मागून घेतली, आणि ही गोष्ट सासूबाईंना शेवटपर्यंत सांगितली नाही.

तपासणीचं म्हणाल तर तेव्हा आमच्या सुयांना काही कामच नव्हतं. घरामागून घर टोचत जावं आणि साखर सापडू नये. डॉक्टर म्हणायचे, "आपण इथे 'नाही' लिहायला आलो आहोत." सापडली ती गावातल्या किराणा दुकानदाराला, आणि तो त्यावर चांगलाच फुशारला. मोठ्या लोकांचा रोग आपल्याला झाला म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याला बोट दाखवत होता. बाकीचे त्याच्याकडे जरा आदरानेच बघत.

आणि दसरू. संध्याकाळी आम्ही तलावाच्या पाळीवर जाऊन बसत असू. तो कमरेएवढ्या पाण्यात उभा राही, हातात काही नाही, डोळे अर्धे मिटलेले. पायांनी तळाचा गाळ चाचपत हळूहळू सरके. गाळात दबून बसलेला मासा त्याला तळपायाला कळे. "हा दगड होय जी," तो पाण्यातून सांगे. "हे शिंगाड्याची मुळी. हा मरळ होय, झोपून राह्यला." मग पायानेच त्याला दाबून धरून तो बुडी मारी, आणि वर येई तेव्हा हातात खरोखर मरळ असे. डॉक्टरांना वाटायचं त्याने आधीच कुठेतरी मासे लपवून ठेवलेत. मला तसं कधी वाटलं नाही. माणूस आपल्या तळपायांनी इतकं बघू शकतो याचं मला फार अप्रूप वाटलं, आणि पुण्यात परतल्यावर मी ते कितीतरी जणांना सांगितलं.

दुसऱ्या वेळी पुनाबाईने मला लांबूनच ओळखलं. "पुण्याच्या बाई आल्या जी," म्हणत ती अंगणात आली, माझा हात धरून आत घेऊन गेली, आणि समोर काय ठेवलं, तर थंड पेयाची बाटली, बिस्किटांचा पुडा आणि बशीभर शेव. मी पेज मागितली.

"पेज आतां कोन खाते जी? पाव्हण्यायले पेज देल्ली तं लोक का म्हनतीन?"

हे मला नवीन नव्हतं. आमच्याकडेही एका काळात पाहुण्यापुढे भाकरी ठेवायची चोरी झाली होती. तरी मन खट्टू झालं. जेवणात पांढराशुभ्र, पातळ, गिरणीतून गुळगुळीत होऊन आलेला भात होता, आणि सकाळ-संध्याकाळ गोड चहा. घराघरांपुढे मोटारसायकली. पूर्वी दुसऱ्या गावाला चालत जाणारी माणसं आता पानठेल्यापर्यंतही गाडीने जात. तपासणीला बसलो तर डॉक्टरांचा चेहरा उतरत गेला. आकडे अहवालात आहेत, इथे देत नाही. पण आता आम्हाला 'आहे' लिहावं लागत होतं, आणि ज्यांच्यापुढे लिहावं लागत होतं ते कुणी शेठ-सावकार नव्हते. आमच्या संस्थेचे लोक त्याच सुमाराला दक्षिणेत, पंजाबात, ओरिसात हिंडत होते, आणि भेटले की सगळे हेच सांगत. शहरात ठाण मांडून बसलेला रोग साऱ्या देशात गावाकडे निघाला होता. मला मात्र वाटलं होतं की हे एवढं रान तरी त्याला अडवेल.

दसरू भेटला तो संध्याकाळी. पूर्वीही सडपातळच, आता जरा वाळलेला. मी तलावाचं विचारलं तर तो खाली बघत म्हणाला, "तलाव मेला जी बाई."

"मेला म्हणजे?"

"गाळ मुका झाला. पहिले पाय टाकला की सांगे, इथी हे आहे, तिथी ते आहे. आतां काहीच नाई सांगत. धानावर औषिद मारतेत नं, ते सारं पान्यात उतरते."

पुनाबाई चुलीपासून म्हणाली, "बाकीच्यायले तं भेटून राह्यले मासे."

"त्यायचं जाळं आहे. जाळ्याले का समजते गाळ?" दसरू माझ्याकडे वळला. "मी चाललो जी आंध्रात, मिरची तोडाले. मंडई झाली की टेम्पो निंगते. इलेबी घेऊन जातो."

मंडई म्हणजे इकडे दिवाळीनंतर गावोगाव भरणारी जत्रा. पुनाबाई जन्मली ती याच तलावाच्या पलीकडच्या काठाला आणि लग्न होऊन आली अलीकडच्या काठाला. यापलीकडे ती कधी राहिली नव्हती. तिने भाताचं पातेलं जरा जोरात उतरवलं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्याच्याबरोबर तलावावर गेलो. तो पूर्वीसारखाच पाण्यात उतरला, बराच वेळ सरकत राहिला, आणि हात हलवीत बाहेर आला. पाळीवर कपडे धुवायचे सपाट दगड आहेत. त्यांच्यावरून तो चालत आला तेव्हा मागे ओल्या पावलांचे ठसे उमटले, आणि त्यातलं प्रत्येक उजवं पाऊल लाल होतं.

"दसरूभाऊ, पायाला काय लागलंय?"

"कुठी?" त्याने पाय उचलून पाहिलं. टाचेच्या पुढे शिंगाड्याचा काटा पुरता आत गेला होता. शिंगाड्याचं फळ दोन्ही बाजूंनी काटेरी असतं. ते पायात गेलं तर ढिवरसुद्धा कळवळतो. आणि हा काटा आजचा नव्हता. भोवतीची जखम जुनी होती, कडा पांढऱ्या पडलेल्या, अंगठ्याला काळसर झाक आलेली. डॉक्टरांनी चिमट्याने काटा काढला तेव्हा दसरू तलावाकडे बघत होता, पाय दुसऱ्याच कुणाचा असावा तसा.

मी त्याचं बोट टोचलं. यंत्रातला आकडा बघून डॉक्टरांनी दुसरं यंत्र मागितलं आणि पुन्हा टोचायला लावलं. दोन्ही यंत्रांचं म्हणणं एकच होतं.

डॉक्टरांनी त्याला सरळ सांगितलं. साखर फार वाढली आहे, तिने पायाची जाणीव मारली आहे, जखम आत सडते आहे. आजच चंद्रपूरच्या दवाखान्यात चल. हा पाय घेऊन मिरचीच्या रानात गेलास तर पाय कापावा लागेल, कदाचित जीवही जाईल.

दसरू हसला. "दुखून नाई राह्यलं तं दवाखान्यात कायले? अन् मी का सेठ आहो का, मले साखर व्हाले? सेठ बसून खाते. मी दिवसभर पान्यात उभा राह्यतो."

डॉक्टरांनी परोपरीने समजावलं. पुनाबाई रडली, मग भांडली, मग शेजारणीला बोलावून आणलं. त्याने कुणाचं ऐकलं नाही. जखमेवर पट्टी बांधू दिली, गोळ्या खिशात ठेवल्या. "तुमी भले लोक आहा," असं आम्हालाच समजावलं आणि टेम्पोवाल्याशी बोलायला निघून गेला.

कुरखेड्याकडे

आमचं पुढचं काम कुरखेड्याच्या अंगाला होतं. वैनगंगा ओलांडली की रान दाट होत जातं. वाटेत एकाने जीप थांबवून, आतल्या रस्त्यावर उन्हं उतरायच्या आत बाहेर पडा, एवढंच सांगितलं. का, ते त्याने सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. माझं लक्ष बाहेर नव्हतंच. मंडईला थोडेच दिवस उरले होते, आणि दसरूचा तो अंगठा माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

रानातल्या एका लहान गावात गोंडांच्या घरी आम्ही थांबलो. "जोहार," म्हणून घरच्या म्हातारीने खाट टाकली. सारवलेलं अंगण वाळत घातलेल्या साळींनी झाकून गेलं होतं. इथे अजून पानाच्या द्रोणात जेवण मिळालं, कोदोचा जाडाभरडा भात आणि लाखोळीच्या डाळीचं पातळ वरण. पहिल्या वेळची सगळी चव एकदम तोंडात आली आणि डोळ्यांत पाणी यायला लागलं. डॉक्टरांना मी मिरची लागली असं सांगितलं. त्या वस्तीत आमच्या सुयांना पूर्वीसारखंच रिकामं बसावं लागलं. म्हातारीचं बोट टोचलं तर ती म्हणाली, "रगत पाहून काय समजते तुमाले? मले विचारा नं, मी सांगतो."

जेवण झाल्यावर ती अंगणातल्या साळी फिरवायला उठली. वाकून हाताने नव्हे. उभ्यानेच, अनवाणी, पाय घासत ती साळींतून चालत गेली आणि तिच्या मागे नांगरल्यासारख्या रेघा उठल्या. एका कोपऱ्यात थांबून म्हणाली, "इथी ओल आहे अजून."

"कसं कळलं?"

"पायाले समजते."

मी खाटेवरून उठलेच. डॉक्टरांना म्हटलं, आपल्याला उद्याच तलावाच्या गावी परत जायचं आहे. ते वैतागले, काम अर्धं राहिलं आहे, रस्ता उलटा आहे, तो माणूस ऐकणारा नाही. मी म्हटलं, त्याला आपण यंत्र दाखवलं. त्याच्या पायाला कुठे विचारलं? डॉक्टर उठले आणि जीपवाल्याला शोधायला गेले.

पुन्हा तलावावर

आम्ही पोचलो तेव्हा पुनाबाईच्या दारात दोन बोचकी बांधून ठेवलेली होती. दसरू खाटेवर बसला होता. अंगात थोडी कणकण आहे, तो म्हणाला, आंध्रात उन्हात बसलो की जाईल. माझं येणं त्याला आवडलं नाही, हे दिसत होतं. पण दारी आलेल्याला तो काही बोलणाऱ्यातला नव्हता.

"दसरूभाऊ, दवाखान्याचं नाव काढत नाही. एक गोष्ट कराल? डोळे मिटा, आणि बरा पाय खाली सोडा."

त्याला गंमत वाटली असावी. त्याने डोळे मिटले. मी त्याच्या पायाखाली काही ठेवलं नाही.

"पायाखाली काय आहे?"

"भुई होय."

"बरोबर." मग पुनाबाईला खूण केली. तिने सुपात साळी घेऊन सूप त्याच्या पायाखाली सरकवलं. साळ किती टोचते हे ज्यांनी तिच्यावर पाय दिला आहे त्यांना ठाऊक आहे. दसरूचं पाऊल तिच्यात टेकलं. मी त्याचा गुडघा हलकेच दाबला, म्हणजे पाऊल आणखी आत गेलं.

"आता?"

"भुईच नं."

"नीट बघा."

त्याने पाय घासला. साळी सुपातून बाहेर सांडल्या आणि सळसळ झाली. तो आवाज ऐकून त्याने डोळे उघडले आणि खाली पाहिलं. घोट्यापर्यंत साळी होत्या. त्याने पुन्हा डोळे मिटले, पुन्हा पाय हलवला, पुन्हा उघडले. मग सुपात हात घातला, मूठ भरून घेतली आणि बोटांत चोळली. हाताला ती टोचत होती, हे त्याच्या तोंडावर दिसलं.

पुनाबाई सुपाच्या कडेला धरून तशीच बसून राहिली. मूठ सोडून तो तिला म्हणाला, "तं गाळ मुका नाई झाला."

"नाई," ती म्हणाली.

"तलाव जित्ता आहे."

"जित्ता आहे जी. मी तं कवाची सांगून राह्यली."

मला वाटलं तो आता कोसळेल. ज्या पायांवर त्याचं सगळं जगणं होतं ते गेल्याचं त्याला नुकतं कळलं होतं. पण त्याने एक मोठा श्वास सोडला, घरातलं कुणी मरणातून परत आलं म्हणजे सोडतात तसा. "मी तं त्याले मेला म्हनून सोडून चाललो होतो," तो म्हणाला. मग डॉक्टरांकडे बघून, जरा ओशाळून, त्याने विचारलं, "गाडीत जागा आहे का जी?"

पुनाबाईने दोन्ही बोचकी सोडली आणि त्यातलं एक दवाखान्यासाठी पुन्हा बांधलं.

चंद्रपूर, आणि परत

चंद्रपूरचं ऊन आणि कोळशाची धूळ याविषयी इतरांनी पुष्कळ लिहिलं आहे, मी आणखी भर घालत नाही. दसरू सरकारी दवाखान्यात बरेच दिवस होता. अंगठा गेला, पाय वाचला. आम्ही गोंडपिपरीकडचं काम करून आलो की मी त्याला बघायला जाई. तिथल्या नर्सला तो तलावातल्या माशांची नावं शिकवी आणि ती त्याला इन्सुलिन कसं टोचायचं ते शिकवी. जेवणात भात कमी केला म्हणून मात्र त्याने रोज तक्रार केली, आणि त्यात मी त्याच्या बाजूची होते.

काम संपवून पुण्याला निघताना आम्ही वाट वाकडी करून तलावाच्या गावी गेलो. दुपार कलत होती. दसरू घरी नव्हता. पाळीवर सापडला, पायात बंद बूट, आणि डॉक्टरांनी बजावल्याप्रमाणे पाण्यापासून लांब. बुटातला ढिवर मी पहिल्यांदाच पाहत होते. फार वाईट वाटलं. ज्याला पाण्यातून चालताना मी दोन्ही खेपांना पाहिलं होतं, तो आता पुन्हा कधीच त्यात उतरणार नव्हता.

पाण्यात पुनाबाई होती. लुगडं खोचून कमरेएवढ्या पाण्यात उभी, थोडी घाबरलेली. तो पाळीवरून तिला सांगत होता, टाच नाही टाकायची, बोटं आधी टाकायची, घाई नाही करायची. मला बघून त्याने नुसतं बसायची खूण केली. मी शेजारी बसले.

"का आहे पायाखाली?" त्याने विचारलं.

"गाळ."

"कसा आहे?"

ती जरा थांबली. "थंडगार आहे. मऊ. बोटायच्या मधातून वर येऊन राह्यला."

दसरूने डोळे मिटले. बुटातले त्याचे पाय जागच्या जागी हलले.

"सरक थोडीशी. हां. आतां?"

"काही तरी हालून राह्यलं."

"गोल लागते का चपटं?"

"गोल. लांब आहे. निसटून राह्यलं जी."

"वांब होय," तो डोळे न उघडता म्हणाला. "धर त्याले." आणि पुनाबाईने श्वास भरून बुडी मारली.